नोंदणी देशाची, जमीन गावाची

माझ्या नोंदणी प्रमाणपत्रावर महाराष्ट्राचं नाव कुठेही नाही. मी जमीन आणि इमारतींची नोंदणीकृत मूल्यांकनकार आहे, लोकांच्या बोलीत व्हॅल्युअर. कंपनी कायदा 2013 च्या कलम 247 नुसार ही नोंदणी दिल्लीचं नादारी व दिवाळखोरी मंडळ, म्हणजे आयबीबीआय, देतं. त्यासाठी 2017 च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संघटनेचं सदस्यत्व, 50 तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा एवढं पार करावं लागतं. आयकराच्या कामासाठीची नोंदणी वेगळी. ती मुळात संपत्तिकर कायदा 1957 च्या कलम 34 एबीची. संपत्तिकर 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, पण ही नोंदणी चालू राहिली. दोन्ही नोंदण्या साऱ्या देशात चालतात. मुंबईतल्या खारदांड्यात माझ्या टेबलापाशी बसून मी गोव्यातल्या भाटाच्या (बागायती जमिनीच्या) किंवा बेळगावातल्या घराच्या अहवालावर सही करू शकते.

शेजारच्या काकींचं काम आलं तेव्हा राज्याच्या सीमेचाच प्रश्न उभा राहिला. काकी लग्न होऊन दांड्यात आल्या, माहेर गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं. गोव्याच्या कायद्यात वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, त्यामुळे वडिलोपार्जित जागेत त्यांचं नाव होतं. भावंडांनी जागा विकायचं ठरवलं. भांडवली नफ्याचा कर काढायला 1 एप्रिल 2001 रोजीची बाजारभावाची किंमत लागते, कारण त्याआधीपासून घरात असलेल्या मिळकतीला ती तारीख मूळ किमतीसाठी धरता येते. काकींचा भाचा न्यू जर्सीत असतो, तोही हिस्सेदार. व्हिडिओ कॉलवर त्याने मला पहिलाच प्रश्न केला, "मॅडम, तुमच्याकडे गोव्याचं लायसन्स आहे का?"

त्याचा प्रश्न त्याच्या जागी अगदी रास्त होता. अमेरिकेत बचत-कर्ज संस्था बुडाल्यावर 1989 मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला आणि मूल्यांकनकारांचे परवाने राज्यांकडे आले. न्यू जर्सीच्या माणसाला नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये काम करायचं तर तिथला परवाना काढावा लागतो, किंवा एखाद्या कामापुरती तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. एका राज्याची पात्रता दुसऱ्याने मानावी यासाठीही तिथे नियम आहेत. भाच्याने घर घेतलं तेव्हा बँकेने पाठवलेल्या माणसाकडे त्याच राज्याचं प्रमाणपत्र होतं. मी त्याला सांगितलं की आपल्याकडे असा वेगळा परवाना लागत नाही. त्याचं समाधान झालं. माझं मात्र झालं नव्हतं.

कारण जमीन हा राज्यघटनेत राज्यांचा विषय. दांड्यातलं घर मी कसं मोजते ते सांगते. आधी मालमत्ता पत्रक काढायचं, त्यावरचा सिटी सर्व्हे क्रमांक बघायचा. पत्रकावर अनेकदा पणजोबांचं नाव असतं आणि आत राहणारी माणसं चौथ्या पिढीची. दोन घरांत एकच भिंत, ती कुणाची यावर दोन मतं. समोरची जाळी सुकवायची मोकळी जागा कोळीवाड्याची सामायिक, ती कुणाच्याही क्षेत्रफळात धरायची नाही. समुद्र जवळ, म्हणून सीआरझेडची रेषा नकाशावर तपासायची. हे सगळं करून मग रेडी रेकनर उघडायचा. पाली हिलच्या उतारावर जो दर चालतो तो आमच्या गल्लीत चालत नाही, हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. इथे जन्मले म्हणून कळतं.

पेडण्यात सातबारा नाही, एक-चौदाचा उतारा असतो. तो मी वाचू शकत होते, पण त्यातलं वजन कुठे आहे ते मला तिथल्या एका जाणत्या मूल्यांकनकाराने दाखवलं. त्याने बोट ठेवलं ते इतर हक्कांच्या रकान्यावर. तिथे एका बाईचं नाव होतं आणि घराची नोंद. "ही मुंडकार," तो म्हणाला, "आता किंमत इथून सुरू करा."

भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार. त्याला हुसकावता येऊ नये म्हणून 1975 मध्ये गोव्यात कायदा झाला. मुंडकाराला घर आणि भोवतालची जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. पंचायत क्षेत्रात ही जमीन म्हणजे भिंतींपासून चहूबाजूंनी 5 मीटर, किंवा घरासकट 300 चौरस मीटर. मुंबईत शिकलेल्या माणसाला हे ठाऊक असायचं कारण नाही, आणि ठाऊक नसेल तर अख्खा प्लॉट मोकळा धरून तो किंमत लावून मोकळा होईल.

आम्ही जागेवर गेलो. चिऱ्यांचा गडगा, फणसाची झाडं, मधे कौलारू घर. ओसरीवर नारळ सोलत बसलेली म्हातारी आमचा टेप बघून उठली. "ह्या घर माझ्या सासऱ्यान बांधलेला," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की मला तेच मोजायचं आहे. टेपचं दुसरं टोक तिने स्वतः हातात घेतलं, भिंतीपासून 5 मीटर कुठे येतात ते बघितलं, आणि तिथे उभी राहून काकींच्या भावाकडे नजर वळवली. तो गप्प होता. त्याला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं. आमच्याशी बोलताना त्याने सांगितलं नव्हतं इतकंच.

मग प्रश्न आला 2001 चा. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडण्याचे भाव कुठल्या कुठे गेले. त्या डोळ्यांनी 2001 कडे बघायचं नाही, हे या कामातलं सगळ्यात कठीण पथ्य. तेव्हा मोपा फक्त कागदावर होता. त्या सुमाराला आसपास झालेल्या व्यवहारांची विक्रीखतं आम्ही शोधून काढली. कुठलं खत नातलगांतलं म्हणून बाजूला ठेवायचं, कुठल्या जागेला तेव्हा रस्ता होता आणि कुठल्या जागेला पायवाट, हे स्थानिक सहकारी नसता तर मला कळलंच नसतं. भाच्याला आकडा कमी वाटला. 2001 ची किंमत जितकी जास्त तितका आजचा नफा कमी आणि कर कमी, हा हिशेब त्याला पक्का येत होता. थोडा वाढवता येईल का, असं त्याने विचारलं. मी त्याला विक्रीखतांच्या प्रती पाठवल्या आणि मुंडकाराची जागा वेगळी दाखवलेला नकाशाही.

कायद्यात सीमा नसली तरी व्यवहारात ती आहे. बँका आपापल्या विभागाचं पॅनेल करतात आणि बाहेरच्याचा अहवाल बहुधा घेत नाहीत. रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट विकायला मदत करणाऱ्या एजंटाला तर राज्यागणिक वेगळी नोंदणी लागते. दांड्याच्या नाक्यावरच्या एजंटाचा महारेरा क्रमांक गोव्यात कामाचा नाही. विक्रीत मदत करणाऱ्याला सीमा आणि किंमत ठरवणाऱ्याला ती नाही, ही रचना मला खटकते.

खटकण्याचं कारण माझ्याच गल्लीत घडलं. एका कुटुंबाने बोटीच्या इंजिनासाठी घरावर कर्ज घेतलं. कर्ज देणाऱ्या संस्थेने परराज्यातल्या व्हॅल्युअरचा अहवाल घेतला आणि त्याने खार पश्चिमेच्या फ्लॅटचा दर आमच्या गावठाणातल्या घराला लावला. सामायिक भिंत नाही, पणजोबांच्या नावाचं पत्रक नाही, अहवालात काही म्हणजे काही नाही. किंमत फुगली, म्हणून कर्ज झेपेल त्याहून मोठं मिळालं. मासळीचे दोन हंगाम वाईट गेले आणि हप्ते थकले. लिलावात राखीव किंमत मूल्यांकनावरून ठरते. तिथेही मोठाच आकडा लागला आणि बोली लावायला कुणी आलं नाही. व्याज चढत राहिलं. तो अहवाल लिहिणाऱ्याची नोंदणी माझ्याइतकीच वैध होती. त्या घरातली सून माझ्याबरोबर शाळेत होती, आणि तो अहवाल तिने मला वाचायला दिला तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

म्हणून राज्याराज्यांचे परवाने आणावेत असं मी म्हणणार नाही. काकींचं काम मग मला करता आलं नसतं, आणि चांगल्या माणसाला अडवण्याचं आणखी एक कार्यालय उभं राहिलं असतं. 2020 मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने व्हॅल्युअरांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा दिला. असा कायदा होईल तेव्हा त्यात एक गोष्ट यावी असं मला मनापासून वाटतं. ज्या राज्यातली जमीन आहे तिथले कोणते अभिलेख मूल्यांकनकाराने स्वतः पाहिले, जागेवर तो कधी गेला, स्थानिक कायद्याबद्दल कुणाला विचारलं, हे अहवालात लिहिणं बंधनकारक असावं. सहकाऱ्याचं नाव आणि त्याचं काम काकींच्या अहवालात मी पहिल्याच पानावर लिहिलं. फी निम्मी त्याला दिली.

काकींचा व्यवहार मुंडकाराची जागा वगळून झाला. म्हातारीचा खरेदीचा अर्ज मामलेदारांकडे गेला आहे.

अलीकडे कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका शेताचं काम माझ्याकडे आलं. घरातले सगळे मराठी बोलणारे, उतारा मात्र कन्नडमध्ये. मी त्यांना बेळगावच्या एका व्हॅल्युअरकडे पाठवलं. "तुमची नोंदणी तिकडे चालत नाही का?" त्यांनी विचारलं. चालते, मी म्हटलं, पण तो उतारा मला वाचता येत नाही.