पावणेतीन टनांची ठेव

मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. त्यानंतर मुंबईच्या आसपास माशांसाठी एवढे धाडस माझ्याखेरीज कोणी केले असेल, असे मला वाटत नाही. फरक इतकाच, की माझे मत्स्यालय महापे गावात, आमच्या तळमजल्याच्या पुढच्या खोलीत झाले. आणि ते प्लायवूडचे होते.

"लाकडात पाणी?" सौ. म्हणाली. "अहो, पावसात आपलं दार फुगतं, ते बघता ना दरवर्षी?"

मी कॉमर्सचा पदवीधर. गणित मांडून दाखवले. आठ फूट लांब, चार रुंद, तीन खोल, म्हणजे ९६ घनफूट. एका घनफुटात २८ लिटरच्या वर पाणी. एकूण सुमारे २,७०० लिटर. लिटरचे वजन एक किलो. म्हणजे जवळजवळ पावणेतीन टन! नुसत्या समोरच्या बाजूवर टनभर रेटा. गंमत अशी, की टाकी लांबीला दुप्पट केली तर रेटा दुप्पट, खोलीला दुप्पट केली तर चौपट. लांबी सरळ व्याजाने वाढते, खोली सावकारी व्याजाने. म्हणून खोली तीन फुटांवर रोखली. या माझ्या दूरदृष्टीचे घरात कोणी कौतुक केले नाही.

पैसे मात्र सौ.नेच दिले. स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी तिने तीन वर्षे साठवलेले. देताना काही बोलली नाही, हे जास्त लागले.

मरीन प्लाय आणले, आतून फायबरग्लासचे कापड आणि इपॉक्सीचे थर दिले. काच आतल्या बाजूने बसवली, म्हणजे पाणीच तिला चौकटीवर दाबून धरते. सिलिकोनचा वास व्हिनेगरसारखा. आठवडाभर घरात कोणीतरी लोणचे सांडल्यासारखे वाटत होते.

पाणी भरले. सकाळी शिल्लक दोन बोटे कमी! बँकेत दिवसअखेर फरक निघाला की जसे सगळे व्हाऊचर उलटतात, तसा मी टॉर्च घेऊन टाकीभोवती रांगत होतो. सौ.ने पदर खोचला, कोपऱ्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "इथं."

टाकी उपसली, सुकवली, पुन्हा थर. पुन्हा भरली. हललीसुद्धा नाही. पण मासे लगेच सोडायचे नसतात. त्यांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जीवाणू टाकीत वाढायला काही आठवडे लागतात. तोवर चिरंजीव शाळेतून मित्र आणून त्यांना पावणेतीन टन पाणी दाखवत असे.

आता मासे आहेत. सौ. भाजी निवडायला त्यांच्यासमोरच बसते. ओटा जुनाच. प्लायवूडचे दोन मोठे तुकडे उरलेत; परवा मी टेप घेऊन स्वयंपाकघरात शिरलो, तर म्हणाली, "खबरदार!"