निरोगी कासवाची पारख

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा नातू लातूरहून नांदेडला आला, तो एक हट्ट मनात धरूनच. इंग्लंडमध्ये लेस्टर येथे स्थायिक झालेल्या माझ्या पुतणीने एक कासव पाळले आहे आणि मोबाईलच्या पडद्यावर ते त्याला दाखवले होते. ‘‘आजोबा, मलाही कासव हवे,’’ एवढेच त्याचे मागणे. मुलाने एखाद्या जिवावर माया करावी यात वावगे काही दिसले नाही. वजिराबादेतील पेढीवर माझा जन्म गेला. माल पारखूनच घ्यावा ही सवय अंगी मुरलेली. म्हणून पुतणीलाच विचारले, कासवाची पारख कशी करतात?

तिने सांगितले ते मी वहीत टिपून घेतले. डोळे स्वच्छ, उघडे आणि सूज नसलेले असावेत. नाक कोरडे असावे. नाकातून बुडबुडे येत असतील किंवा श्वासासाठी तोंड उघडे राहत असेल, तर श्वसनाचा विकार समजावा. कवच टणक असावे. त्यावर मऊ जागा, खड्डे वा दुर्गंधी नसावी. आकाराच्या मानाने ते हाताला जड लागावे, उचलताच त्याने पाय जोराने आत ओढावेत, चालताना अंग जमिनीपासून उचललेले असावे. त्याला खाताना प्रत्यक्ष पाहावे. पैदास करणाऱ्याकडे जन्मतारीख व वजनाच्या नोंदी मागाव्यात, शक्य तर आई-बापही पाहावेत. तिचे कासव हरमन जातीचे. त्याच्या विक्रीस तिकडे सरकारी प्रमाणपत्र लागते.

वही खिशात घालून आम्ही आजोबा-नातू शहरातील एका दुकानात गेलो. पाण्याच्या तबकात रुपयाएवढी हिरवी पिल्ले होती. प्रत्येकाच्या डोळ्यामागे लाल पट्टा. दुकानदार हळूच म्हणाला, ‘‘पाठीवर चांदण्या असलेलेही मागवून देतो. ब्रीडरकडचे आहे, एकदम निरोगी.’’ नातवाचे डोळे चमकले. मी मात्र विचार करून सांगतो म्हणालो.

नातवाला पोहोचवायला लातूरला गेलो, तेव्हा तेथील एका परिचित पशुवैद्यांना वही दाखवली. त्यांनी ती वाचली आणि एकच प्रश्न केला : ‘‘काका, या मालाची पक्की पावती मिळेल का?’’

पावतीवाचून मी तुरीचे एक पोतेही कधी घेतले नाही. तरी हा प्रश्न मला सुचला नव्हता. डॉक्टरांनी समजावले, की चांदण्यांचे ते कासव आपल्याच देशातील कोरड्या माळरानांवरचे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने त्याला संरक्षण दिले आहे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारानेही त्याला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घेतले. आपल्याकडे ‘ब्रीडरकडचे’ म्हणून जे गुपचूप विकतात, ते बहुधा रानातून उचललेले असते. अशी अनेक पिल्ले पोत्यांत, पेट्यांत कोंबून नेली जातात. आपल्या हाती येणारे निरोगी असेलही, पण वाटेत मेलेल्यांचा हिशेब कोणत्या खात्यावर घालायचा?

‘‘आणि लाल पट्ट्याचे?’’ नातवाने विचारले. ते अमेरिकेतील मिसिसिपीच्या खोऱ्यातले, डॉक्टर म्हणाले. पिल्लू आज रुपयाएवढे असले तरी पुढे ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. शिवाय लहानपणी त्याला मांसाहारच अधिक लागतो. बाजारातील त्याच्या खाद्यात वाळवलेली कोळंबी आणि मासळीची भुकटी असते.

येथे माझी मान खाली गेली. सुमारे वीस वर्षांपूर्वी बरकतीसाठी म्हणून मी असेच एक पिल्लू पेढीवर, गल्ल्याशेजारी काचेच्या पेटीत ठेवले होते. मासळीचे खाद्य आपल्याकडे कसे चालणार? म्हणून त्याला भात, पोळीचा चुरा, कोथिंबीर देत असे आणि आपण त्यालाही शाकाहारी केले याचा मला अभिमान होता. हळूहळू त्याचे कवच मऊ पडले, डोळे सुजून मिटले. दीड वर्षात ते गेले. त्याच्या नशिबात तेवढेच होते, असे मी घरी सांगितले. उन्हावाचून कवच घट्ट होत नाही आणि काचेतून आलेले ऊन त्या कामी येत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ केलेले असतात. त्यांत पहिला ‘बंध’, म्हणजे जिवाला डांबणे, शेवटचा ‘अन्नपाननिरोध’. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा व्यवसायांत सजीवांचा व्यापार, केशवाणिज्य, हाही आहे. मी तो व्यापार केला नाही खरा, पण त्याचा ग्राहक झालो. दोन्ही अतिचार तर गल्ल्याच्या शेजारीच घडले.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी सुचवले, ‘‘मग ती पिल्ले विकत घेऊन गोवर्धन घाटावर सोडून देऊ. जीवदया होईल.’’ मलाही ते पटले होते. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, ‘‘तसे मुळीच करू नका.’’ दुकानदाराला पैसे मिळाले की तो नवी पिल्ले आणणार. गोदावरीत तिची स्वतःची मऊ पाठीची कासवे आहेत. हे परदेशी कासव त्यांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते. जगातील १०० अतिउपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. एकाला सोडवताना अनेकांवर संकट आणणे ही दया नव्हे.

ज्यांच्या घरी असे कासव आधीच आहे, त्यांनी ते नदीत सोडू नये. त्याला थेट ऊन आणि त्याच्या प्रकृतीचे अन्न मिळेल अशी सोय करावी. ते आचारात बसत नसेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर सल्ला घ्यावा. चांदण्यांचे कासव असेल तर विनाविलंब वनविभागाकडेच सोपवावे.

नातू दोन दिवस रुसला. पुढे सहकुटुंब पैठणला विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनास गेलो, तेव्हा भगवंतांचे लांछन कासव आहे हे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ मूर्तीसमोर उभा होता. नंतर गोदाकाठी आलो, तर पाण्याकडे पाहत त्याने विचारले, ‘‘आजोबा, इथली कासवे आता कुठे असतील?’’ मी म्हणालो, ‘‘असतील तळाशी.’’ दिसले एकही नाही. पण अंधार पडेपर्यंत तो काठावरून हलला नाही.