सोव्हिन्यों ब्लाँ आणि मामाची बाग

ऑफिसच्या पार्टीत मेन्यू कार्ड हातात आलं की आमच्या टेबलावर एक ठरलेला सीन होतो. सगळे बिअर सांगतात, एखादीच व्हाइट वाइन मागते आणि वेटरने "कुठली?" विचारलं की नावावर बोट ठेवून म्हणते, "ही." कारण 'सोव्हिन्यों ब्लाँ' हा उच्चार चारचौघांत करायची हिंमत नसते! बिनधास्त करा. मूळच्या फ्रान्सच्या द्राक्षाच्या जातीचं नाव आहे ते. माझ्यासाठी मात्र ती दिंडोरी तालुक्यातली मामाची बाग आहे.

आधी चवीचं बोलू. ग्लास नाकाशी नेला की ढोबळी मिरची, कापलेलं गवत, थोडा पेरू. घोट घेतला की सॉलिड आंबट, गोडवा जवळपास नाहीच. लाकडी पिंपात मुरवण्याची भानगड बहुतेकदा नसते. स्टीलच्या टाकीत गारव्यात आंबवायची आणि काही महिन्यांत बाटलीत भरायची. म्हणून ही ताजीच प्यायची. लेबलवरचं साल बघा. दोन-तीन वर्षं जुनी आणि दुकानाच्या तापलेल्या काचेत उभी असेल, तर राहू द्या.

नाशिकला ही जात रुजवली ती राजीव सामंत यांच्या सुलाने, १९९७ साली. २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. युरोपात द्राक्षं तोडतात सप्टेंबरच्या सुमारास, आपल्याकडे तेव्हा पाऊस. म्हणून इथे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस ओसरताना गोडी छाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. हिवाळ्याच्या गार रात्री द्राक्षाचा आंबटपणा टिकवून धरतात.

मामाने २००६ मध्ये एका वायनरीशी करार करून दोन एकर लावली. पण ही द्राक्षं बारीक, बियांची, जाड सालीची. थॉमसनसारखी पेटीत भरून मार्केटला नेता येत नाहीत. वायनरीने घेतली नाहीत, तर संपलं! २००८ची मंदी आली, वर्षअखेरीस मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वायनरीच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. मामाचा माल उचलायला कुणी आलंच नाही. २०१० मध्ये त्याने बाग काढून टाकली. मी शाळेत होते. बांधावर मुळांसकट रचलेल्या वेली मला अजून दिसतात.

गंमत म्हणजे, त्या द्राक्षांची वाइन मामाने कधी चाखलीच नव्हती. आजोबा असेपर्यंत घरात बाटली आणायची कुणाची टाप नव्हती.

गेल्या फेब्रुवारीत मी घेऊन गेले. मामी म्हणाली, "अगं बाई, दारू?" मामा म्हणाला, "द्राक्षाचीच ना? आण." स्टीलच्या पेल्यातून एक घोट घेतला, थांबला.

"साखर कुठं गेली?"

"यीस्टने खाल्ली मामा, तिचीच तर दारू होते."

"आणि आमच्याकडनं बावीस ब्रिक्स झाल्याशिवाय गाडी भरू द्यायचे नाहीत!"

मामीने रागारागात का होईना, कोथिंबीर वडी तळली. बॉस, काय जोडी आहे ती! तेलकटपणा वाइनचा आंबटपणा धुऊन काढतो आणि कोथिंबिरीच्या हिरव्या वासाला वाइनचा हिरवा वास बरोब्बर भेटतो. मुंबईत मी हीच वाइन रवा लावलेल्या बोंबलांबरोबर पिते. लिंबू पिळलेला पापलेट, पुदिन्याच्या चटणीतलं पनीर, तेही मस्त. मिसळीच्या तर्रीबरोबर मात्र नको. तिखटावर अल्कोहोल आणखी जाळतं. तिथे किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घ्या. फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवा, आठ-दहा अंशांवर प्या आणि प्लीज, बर्फ टाकू नका.

मामाने बाटलीची किंमत विचारली. मी सांगितली. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात, हेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. बोटं हिशोब करत होती, हे मला दिसत होतं. आकडा काही त्याने सांगितला नाही. पेला पुढे केला आणि म्हणाला, "गार आहे तोवर ओत अजून थोडी."