सेल्फ घेते, चालू होत नाही
सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण पेट घेत नाही, म्हटलं की नागपूरच्या मे महिन्यात पहिला संशय उन्हावर. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ते खरंही होतं: ४५ अंशांत नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची, पंपावर ओलं फडकं टाकलं की भागायचं. माझदा आरएक्स-८ सारख्या रोटरी गाडीला हे निदान लावू नये. तिथे पेट्रोल कमी नसतं, बहुधा जास्त झालेलं असतं. थंड इंजिन क्षणभर चालवून बंद केलं की न जळलेलं पेट्रोल आत साचतं, त्रिकोणी रोटरच्या सीलवरचं तेल धुऊन जातं, दाब उतरतो. आणि आपण सेल्फ मारत आणखी पेट्रोल ओततो! प्लग ओला निघाला तर पंप बदलायला कशाला धावायचं? ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारावा, इंजेक्टर बंद राहतात.

कुणी म्हणेल, सकाळी चालू होते, तापल्यावरच अडते, म्हणजे ऊनच ना? उलट, ही झिजलेल्या सीलची खूण. थंड, दाट तेल फटी झाकतं. पातळ झालं की त्या उघड्या पडतात. साधा कॉम्प्रेशन गेज इथे फसवा, कारण तो रोटरच्या तीन बाजूंतला सर्वांत मोठा आकडाच धरून ठेवतो. त्याची झडप काढून कान द्यावा: फस्, फस्, फस्, तिन्ही सारखे हवेत. लागोपाठ दोन बसके आले तर संशय टोकाच्या सीलवर, एकच आला तर बाजूच्या. फक्त बॅटरी आधी चार्ज करावी. इंजिन मंद फिरलं तर धडधाकट रोटरचाही दाब कमीच दिसतो.