कारंज्यात स्की घडवताना

दोन स्की तळाला तळ लावून उभ्या केल्या की त्या पुढच्या टोकाशी आणि मागच्या टोकाशी एकमेकींना टेकतात, मध्ये मात्र फट राहते. मुठीत धरून दाबलं की फट मिटते, सोडलं की परत दिसते. मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचा स्कीइंगचा प्राथमिक वर्ग सोलांगच्या उतारावर केला, तेव्हा या फटीकडे माझं लक्ष गेलं आणि तिथंच अडकलं. ही फट किती असावी, कोणी ठरवली आणि ती लाकडात टिकते कशी? हे प्रश्न घेऊन मी कारंज्याला परत आलो. घराला लागून गाडी ठेवायची पत्र्याची शेड आहे. गाडी अंगणात गेली आणि शेडमध्ये आराखड्याचा कागद पसरला.

कारंजा लाड म्हणजे गुरुमंदिराचं गाव, कापसाचं आणि सोयाबीनचं गाव. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीच्या बराच वर असतो आणि बर्फ दिसतो तो रसवंतीत. इथं बसून बर्फावरचं वाहन का बनवायचं, असं घरातल्या सगळ्यांनीच विचारलं. माझ्यापाशी एकच उत्तर होतं: जी वस्तू पायाला बांधून डोंगर उतरायचा, ती आतून कळली पाहिजे.

पहिला गोंधळ आकड्यांचा. स्की वरून पाहिली तर मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असते. मी ठरवलेली मापं अशी: पुढं ११६ मिलिमीटर, कमरेत ८०, मागं १०४. स्की कडेवर कलंडली आणि वजनानं वाकली, की ही बाकदार कड बर्फात गोलाईनं कापत जाते. वळण त्या गोलाईतून येतं. वळणाची त्रिज्या काढायला साधं सूत्र आहे. बर्फाला टेकणाऱ्या लांबीचा वर्ग करायचा आणि कड किती आत गेली आहे त्याच्या आठपटीनं भागायचं. दीड मीटर लांबी आणि पंधरा मिलिमीटर खोली धरली तर उत्तर येतं पावणेएकोणीस मीटर. कमर पाच मिलिमीटरनं बारीक केली की त्रिज्या सोळा मीटरवर येते. लांबी वाढवली की ती पुन्हा पुढं सरकते. एक आकडा हलवला की बाकीचे सगळे जागा सोडतात, आणि कुठला आधी पक्का करायचा हे कळेना.

जाडीनं तर झोपच उडवली. फळीचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. स्कीच्या आतला दहा मिलिमीटरचा लाकडी गाभा अकराचा केला तर तो तेहतीस टक्क्यांनी ताठ होतो. गाभा पायाखाली अकरा मिलिमीटर आणि टोकांशी दोन, असा निमुळता करायचा होता. म्हणजे रंध्याच्या एका जादा हातानं स्कीचा स्वभाव बदलणार. हे काम कागदावरून उठून हातात गेलं पाहिजे, हे तिथं लक्षात आलं.

गावातल्या एका वयस्कर मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी उमेदीत बैलगाड्या घडवल्या, पुढं दारं-खिडक्या केल्या. मी आराखडा पसरला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “बापू, हे वाकन कुठं अन् ताठ राहीन कुठं, ते सांग पहिले.”

आठवडे मी आकड्यांत जे शोधत होतो, ते या एका प्रश्नात होतं. टोकं मऊ हवीत, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यावर ती वर येतात. पाय ठेवायची जागा ताठ हवी, म्हणजे माणसाचं वजन एकाच ठिकाणी न रुतता दोन्हीकडे वाटलं जातं. मधली ती फट याच कामासाठी असते. माणूस उभा राहिला की ती मिटते आणि त्याचा भार टोकांपर्यंत पोचतो.

लाकडाची निवडही त्यांच्याशी बोलूनच झाली. घरात सागवान होतं, पण सागात तेलाचा अंश असतो, त्यावर थर चिकटवणाऱ्या रेझिनची पकड कच्ची बसते. शिवाय ते जड. बाभूळ आणि धावडा चिवट, पण वजनाला भारी. त्यांनी शिवण सुचवली. हलकी, पावसाळ्यात न फुगणारी, उन्हाळ्यात न पिळवटणारी. त्यांच्या हातच्या शिवणीच्या जुन्या फळ्या आजही सरळ आहेत. चिवटपणासाठी मध्येमध्ये बांबूच्या पट्ट्या घालायचं ठरलं. मेळघाटाकडचा मानवेल बांबू जवळपास भरीव असतो, आणि त्याची खरी ताकद सालीलगतच्या दाट तंतूंत असते. त्यात पिष्ट असतं म्हणून भुंगा लागतो. त्यासाठी पट्ट्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवल्या.

आरामशिनीवर पट्ट्या कापून आणल्यावर काकांनी एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली. रेषा कडेला तिरपी निघून जात असेल, तर ती पट्टी बाद. वाकताना भेग तिथूनच पडते. गाठ असलेलीही बाद. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दाराचे दोन पल्ले ते नेहमी एकाच ओंडक्यातून काढत, म्हणजे पावसाळ्यात दोन्ही सारखेच फुगतात. तोच नियम इथं लावला. शिवण आणि बांबूच्या पट्ट्या आलटून-पालटून चिकटवून एक जाड ठोकळा केला आणि तो मधोमध चिरून डाव्या-उजव्या स्कीचे गाभे काढले. परदेशातले स्की घडवणारेही जोडी जुळावी म्हणून असंच करतात, हे मला नंतर वाचायला मिळालं.

गाभ्याच्या वर आणि खाली काचतंतूंचं कापड येतं. स्की वाकते तेव्हा खालचा थर ताणला जातो, वरचा दाबला जातो. गाभ्याचं काम या दोन थरांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचं. म्हणून हलकं लाकूड चालतं. पाण्याच्या टाक्या आणि गाड्यांचे बंपर दुरुस्त करणारे काचतंतू वापरतात, पण त्यांचं रेझिन पॉलिएस्टरचं. लाकडावर इपॉक्सी जास्त घट्ट धरतं, म्हणून तेच मागवलं. सगळ्यात खाली घसरणारा तळ, उच्च घनतेच्या पॉलिथीनचा. त्याला काहीच चिकटत नाही, आणि हाच गुण बर्फावर हवा असतो. पण त्याची वरची बाजू मात्र इपॉक्सीला चिकटायला हवी. त्यासाठी त्या बाजूवरून गॅसची ज्योत झरझर फिरवतात. पृष्ठभागाचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पाण्याचे थेंब गोळा न होता पसरू लागतात. थेंब पसरताना पाहिले, तेव्हाच माझा या कृतीवर विश्वास बसला.

पोलादी कडांचा प्रश्न उरला. काकांना या कडांचं काम समजावलं तर म्हणाले, “म्हंजे गाडीच्या चाकाची धावच की! लाकूड झिजू नये म्हनून.” अगदी तसंच, आणि वर घट्ट बर्फात पकडही. पण पहिल्या जोडीला कडा लावायच्या नाहीत असं मी ठरवलं, आणि त्या निर्णयाला इतिहासाचा आधार मिळाला. स्वीडनमधल्या काल्वत्रेस्क गावाजवळ १९२४ साली दलदलीत सापडलेली स्की सुमारे ५,२०० वर्षं जुनी आहे. नॉर्वेच्या तेलेमार्क भागातल्या सोंद्रे नुरहाइम यांनी एकोणिसाव्या शतकात कमरेत बारीक स्की वापरून वळणं घेतली, तीही निव्वळ लाकडाचीच. पोलादी कडा आल्या त्या १९२० च्या दशकात, ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ लेटनर यांच्यामुळे. मऊ, ताज्या बर्फावर कडांशिवाय चालतं. माझी पहिली जोडी तेवढ्यासाठीच.

थर एकावर एक बसवून साच्यावर दाबायला मोठा दाब लागतो. शिकंजे कितीही लावले तरी दाब ठिपक्याठिपक्यांत पडतो. उपाय सापडला फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या एका मित्राकडे. त्याच्याकडे निर्वात पंप असतोच. स्की आणि साचा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून हवा ओढली, की बाहेरची हवाच दाबते. स्कीच्या तळाच्या क्षेत्रफळावर हा भार दीड टनाच्या आसपास जातो, आणि सगळीकडे सारखा. पत्र्याच्या शेडमध्ये पिशवी आक्रसत साच्याला बिलगली, तेव्हा मित्र, काका आणि मी तिघंही नुसते बघत राहिलो. रोज आपल्या डोक्यावर असलेली हवा एवढं काम करते!

वऱ्हाडातल्या उष्णतेशी मात्र जुळवून घ्यावं लागलं. तापमान दहा अंशांनी वाढलं, की इपॉक्सी हाताळायचा वेळ साधारण निम्मा होतो. भांड्यात साचून राहिलं तर ते स्वतःच तापतं. म्हणून हिवाळ्यातली पहाट निवडली, रेझिन पसरट ताटात कालवलं, हातमोजे आणि मुखपट्टी घातली.

पिशवी उघडून कडा तासल्यावर दोन्ही स्की दोन टेकूंवर ठेवल्या, मध्ये वजनाची मापं टांगली आणि खाली किती झुकतात ते पट्टीनं मोजलं. दोघी अगदी जवळपास सारख्या झुकल्या. तळाला तळ लावून उभ्या केल्या, तर मध्ये फट होती. ती आम्ही साच्यात बाक देऊन ठेवली होती, आणि इपॉक्सीनं ती धरून ठेवली होती. मिस्त्रीकाकांनी ती दाबून सोडली, पुन्हा दाबली आणि म्हणाले, “लाकडानं आयकलं.”

पुढचं काम बूट धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगचं. ते मी घरी बनवणार नाही. पडल्यावर पाय सुटावा एवढ्या नेमक्या ताणावर ते बसवावं लागतं, आणि त्यावर गुडघा अवलंबून असतो; ते विकत घेऊन जाणकाराकडूनच लावून घेईन. त्याच्या स्क्रूंना धरायला पायाखालच्या गाभ्यात कठीण लाकडाची पट्टी लागते, तिथं आम्ही धावडा घातला आहे. जानेवारीत सोलांगच्या सोप्या उतारावर चाचणी होईल.

ज्यांना असं काही करायचं आहे, त्यांना माझं एकच सांगणं. आधी मीटरभर लांबीचा तुकडा करा, तो वाकवा, मोजा, मुद्दाम मोडा आणि कुठला थर आधी सुटला ते पाहा. आणि गावातल्या गाड्या घडवलेल्या मिस्त्रींना भेटा. त्यांच्यापैकी फार थोडे आता काम करतात. कुठलं लाकूड कुठं वाकेल आणि कुठं तग धरेल, हे त्यांना हातानं माहीत आहे, आणि विचारलं तर ते मनापासून सांगतात.