पॅरिसमधला चाळीस मिनिटांचा फोन

पॅरिसहून लोक काय आणतात? परफ्यूम, चीज, आयफेल टॉवरची कीचेन. मी आणला एक फोन कॉल. तोही १९५९ सालचा, चाळीस मिनिटांचा, आणि फक्त एकाच बाजूचा!

सांगतो. जुन्या रेकॉर्ड्स जमवायचा किडा मला मुंबईच्या चोर बाजारात चावला. आधी आरडी, मग जॅझ, आणि मग चक्क ऑपेरा. ऑपेरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिंगांचं हेल्मेट घातलेली धिप्पाड बाई आणि काचा तडकवणारा सूर येतो ना? फ्रान्सिस पुलांकच्या ‘ला व्वा ज्युमेन’मध्ये यातलं काहीच नाही. नावाचा अर्थ ‘माणसाचा आवाज’. स्टेजवर एक बाई आणि एक टेलिफोन, बस्स. तिचा प्रियकर तिला सोडून चाललाय. हा त्यांचा शेवटचा फोन. तो काय बोलतोय ते आपल्याला शेवटपर्यंत ऐकू येत नाही.

या ऑपेराची रेकॉर्ड अमेरिकेत आरसीए व्हिक्टरच्या ‘सोरिया सीरिज’मध्ये निघाली होती. डारिओ सोरिया नावाच्या शौकीन माणसाची ही कल्पना. रेकॉर्ड ही नुसती ऐकायची नाही, हातात घेऊन मिरवायचीही गोष्ट आहे, हा त्याचा फंडा. त्यासाठी पुस्तिका कुणाच्या, तर कलेची देखणी पुस्तकं काढणाऱ्या स्वित्झर्लंडच्या स्कीराच्या! याच सीरिजमधला बीचमचा ‘मसाया’ किंवा ‘रॉयल बॅले’चा सेट दिसला की कलेक्टर मंडळींच्या तोंडाला आजही पाणी सुटतं. मला मात्र हवा होता तो हा फोन. का, ते नंतर.

ऑफिसच्या कामाला जोडून एक शनिवार मिळाला. म्हटलं, रेकॉर्ड मिळो न मिळो, हा फोन जिथे जन्मला तो रस्ता तरी चालून बघू.

सुरुवात पॅले-रॉयालपासून. मधोमध बाग, चारही बाजूंनी कमानी, कापून चौकोनी केलेली झाडं. बागेला लागूनच रू द मोंपाँसिए नावाची अरुंद गल्ली आहे. तिथल्या ३६ नंबरच्या घरात झाँ कॉक्तो १९४० पासून राहायचा. कवी, चित्रकार, नाटककार, सिनेमावाला, सगळंच. मूळ नाटक त्याचं. ते पहिल्यांदा झालं १९३० साली कोमेदी-फ्राँसेजमध्ये, म्हणजे याच गल्लीच्या टोकाला. बेर्त बोव्ही ही नटी एकटी टेलिफोनशी बोलत होती.

तिथून उत्तरेला पंधरा मिनिटं चाललात की ओपेरा-कोमिक. ‘कार्मेन’ याच संस्थेनं १८७५ साली पहिल्यांदा केला. आताची इमारत १८९८ची, आधीची जळाली. ६ फेब्रुवारी १९५९ला इथे पुलांकचा ऑपेरा उघडला. नाटकाचा ऑपेरा व्हायला एकोणतीस वर्षं लागली, आणि अंतर जेमतेम एक किलोमीटर!

दिग्दर्शन आणि नेपथ्य खुद्द कॉक्तोचं, ऑर्केस्ट्रासमोर झॉर्ज प्रेत्र, आणि गायला दनीझ द्युव्हाल. प्रकाशकाच्या मनात मारिया कॅलस होती म्हणे, पण पुलांकला द्युव्हालच हवी होती. शिवाय ही बाई तरुण आणि एलिगंट दिसली पाहिजे, हा त्याचा आग्रह. वय झालं म्हणून टाकून दिलेली कुणी बिच्चारी नकोच. बरोबरच आहे ना? ब्रेकअप काय वय बघून होतो?

ट्रंक कॉलच्या जमान्यातल्या आपल्या आई-बाबांना हा ऑपेरा लगेच कळेल. मध्येच लाइन कटते, मध्येच कुणी तिसरीच बाई लाइनवर येते, आणि ही जिवाच्या आकांतानं म्हणते, फोन ठेवा हो! फोनची घंटी वाजवतो झायलोफोन. कित्येक ठिकाणी ऑर्केस्ट्रा गप्पच. नुसता तिचा आवाज, आणि तो बोलत असेल तेवढा वेळ शांतता. आधी ती हसून सांगते की मी मजेत आहे, मैत्रिणीकडे जेवले. मग हळूहळू खरं बाहेर येतं. काल रात्री तिनं झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या.

तर, रेकॉर्ड. ओपेरा-कोमिकहून मेट्रो धरली, स्ट्रासबुर्ग-साँ-दनीला बदलली आणि चार नंबरच्या लाइननं शेवटाकडे, पोर्त द क्लिन्याँकूरला उतरलो. पुलाखालून पलीकडे गेलं की सँ-तुआँचा जुना बाजार. आपला चोर बाजार, पण क्रेडिट कार्डवाला! त्यातल्या मार्शे दोफिनच्या वरच्या मजल्यावर रेकॉर्डवाल्यांचे गाळे आहेत. तीन गाळ्यांत मुंडी हलली. चौथ्यातल्या काकांनी नाव ऐकलं, खाली वाकले आणि अलगद एक जाड कव्हर वर काढलं.

सोरिया सीरिज. आत पुस्तिका शाबूत, जड कागद, अजून छपाईचा वास. माझे हात अक्षरशः थरथरत होते. रेकॉर्ड काढून उजेडात तिरकी धरली. पहिली बाजू वाजवून वाजवून करडी पडलेली. उलटी केली. दुसरी बाजू काळीभोर, आरशासारखी.

काका खांदे उडवून म्हणाले, ग्रेड जुळत नाही, म्हणून थोडे कमी द्या.

मी घासाघीस केलीच नाही. मला त्या अनोळखी मालकाचा विचार सुटेना. इतक्या वेळा त्यानं हा फोन लावला आणि दर वेळी अर्ध्यावरच ठेवून दिला?

आता ते ‘का’. काही वर्षांपूर्वी मीही एक फोन असाच अर्ध्यावर ठेवला होता. हिंजवडीच्या पार्किंगमध्ये, लॅपटॉपची बॅग खांद्यावर. चार वर्षांचं नातं होतं. ती बोलत होती, रडत नव्हती, नुसती बोलत होती. मी म्हटलं, “आवाज कट होतोय गं, मी नंतर करतो.” रेंज फुल होती. नंतर मी फोन केला नाही. या ऑपेरात जो माणूस ऐकू येत नाही ना, तो मी.

पुण्यात परत आल्यावर रविवारी दुपारी सरळ दुसरी बाजू लावली. एकही खरखर नाही. शेवटाकडे ती त्याला एकच गोष्ट मागते: तिच्यासोबत मार्सेला गेलास तर आपण उतरायचो त्या हॉटेलात नको जाऊस. एवढंच. मग फोनची वायर गळ्याभोवती, प्रेम आहे हे पुन्हा पुन्हा, आणि रिसीव्हर खाली पडतो. सुई आतल्या रिंगणात फिरत राहिली. मी उठून ती उचलायला बराच वेळ लावला.

तिचा नंबर अजून फोनमध्ये आहे. केला नाही. आता केला असता तर तो माझ्यासाठीच झाला असता. पण त्या दिवशी तिलाही असंच काहीतरी छोटंसं मागायचं असणार, हे मला पहिल्यांदाच सुचलं.

मित्र घरी आले की सेट बघतात, पुस्तिका चाळतात, “सॉलिड आहे यार” म्हणतात. वाजव म्हणाले तर मी पहिल्यापासून लावतो. आणि मध्ये उठून बाजू बदलतो.

जमवायचाय?
– पुस्तिका आहे ना, ते आधी बघा. ती नसेल तर सोरिया सेटची अर्धी शान गेली.
– दोन्ही बाजू उजेडात तिरक्या धरून तपासा. एका बाजूवरून भाव ठरवू नका.
– सँ-तुआँला शनिवारी किंवा रविवारी जा. मधल्या वारी बहुतेक गाळे बंद.
– नुसतं ऐकायचं असेल तर हेच रेकॉर्डिंग सीडीवरही आलंय. आणि १९७० साली दॉमिनिक दलूशनं यावर फिल्म केली, त्यात द्युव्हालनं आपल्याच जुन्या रेकॉर्डवर ओठ हलवून अभिनय केलाय. मिळाली तर सोडू नका.