नांगराची साखळी

ज्यास पोहतां येत नाहीं त्यानें समुद्राविषयीं लिहूं नये, असें कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं. तथापि गेल्या भाद्रपदांत विलायतेंत नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांनीं लहानशी शिडाची नौका भाड्यानें घेऊन आम्हां उभयतांस ग्रीस देशांतील इथाका बेटावर नेलें, आणि तेथें जें कळलें तें वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

होमरच्या ओडिसियसाचें बेट म्हणतात तें हेंच. दहा वर्षें युद्धांत व दहा वर्षें समुद्रावर घालवून तो घरीं परतला, तो झोंपेंतच. खलाशांनीं त्यास निजलेलाच किनाऱ्यावर उतरविला. वाथी हें बेटाचें मुख्य गांव. या शब्दाचा अर्थच ‘खोल’. १९५३ च्या भूकंपांत तें बहुतेक पडलें व पुन्हां बांधलें गेलें. ओंजळींत पाणी धरावें तसें त्याचें बंदर डोंगरांनीं धरलें आहे.

चिरंजीवांनीं नाळ वाऱ्याकडे वळवून नांगर सोडला. पाणी पांच मीटर, तळाशीं चिखल. साखळी मात्र तीस मीटर! आम्हीं म्हटलें, “अरे, इतकी कशाला?”

“अण्णा, नांगर नुसत्या वजनानें धरीत नाहीं. साखळी तळावर आडवी पडली म्हणजे ओढ आडवी लागते आणि फाळ चिखलांत रुततो. आंखूड धरली तर ओढ वरून लागते आणि तो उपटून येतो.”

शेतांतला नांगर संस्कृत ‘लांगला’पासून आणि समुद्रांतला फारसी ‘लंगरा’पासून, म्हणून वर्गांत या दोघांचें नातें आम्हीं कधीं लागूं दिलें नाहीं. दोघेही मातींत फाळ रोवूनच काम करतात, हें त्या दिवशीं कळलें.

रात्रीं वायव्येचा वारा वाढला. नौका झोके घेऊं लागली. शेजारच्या नौका जवळ आल्याचा भास होऊं लागला. आमचें कुटुंब आंत स्तोत्र म्हणत होतें. आम्हीं घाबरून ओरडलों, “साखळी ओढून घे!” चिरंजीवांनीं शांतपणें शेजाऱ्यांचें अंतर पाहिलें आणि आणखी दहा मीटर सोडली. नौकेस एक हिसका बसला, आणि मग ती स्थिर राहिली.

बावीस वर्षांपूर्वीं या मुलास जहाजावरच्या नोकरीचें शिक्षण घ्यावयाचें होतें. अर्ज आमच्या सहीवांचून जाणार नव्हता. तो आम्हीं फाडला. त्यानें ब्र काढला नाहीं. निमूटपणें इंजिनिअर झाला आणि दूर देशीं निघून गेला. तेव्हांपासून त्याचीं पत्रें व फोन वेळेवर येतात. त्यांत प्रकृतीची चौकशी असते, दुसरें कांहीं नसतें.

अंधारांत त्याच्याजवळ बसून आम्हीं विचारलें, “तो अर्ज आम्हीं फाडावयास नको होता, नाहीं का?”

बराच वेळ तो बोलला नाहीं. मग किनाऱ्यावरील एका दिव्याकडे बोट दाखवून म्हणाला, “अण्णा, तो दिवा आणि त्याच्यामागचा टेकडीवरचा दिवा एका रेषेंत आहेत ना, तेवढें पाहत राहा. सरकले तर मला उठवा.” आणि आमच्या भरंवशावर तो खुशाल निजला.

पहांटेपर्यंत आम्ही ते दोन दिवे पाहत बसलों. नौका वाऱ्याबरोबर इकडेतिकडे हलत होती, परंतु दोन्ही दिवे फिरून फिरून एका रेषेंत येत होते.